कारणाविना दिलेली सूट

संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याच्या व्यवसायात पडलेल्या आपल्या तरुण मंडळींमध्ये अलीकडे एक मत असे काही रुजले आहे की, त्याला हरकत घेणारा मनुष्य एकतर कालबाह्य ठरतो, नाहीतर चालत्या कामात खोडा घालणारा. ते मत असे : लिंटरने, म्हणजे आज्ञावली चालवून न पाहता केवळ वाचून तिच्यातील संशयास्पद जागा दाखवणाऱ्या तपासनीस-प्रोग्रामने, एखाद्या नियमाचा भंग झाल्याची तक्रार केली आणि तो नियम कामाच्या आड येऊ लागला, तर कॉन्फिग फाइलमध्ये त्या नियमापुढे ‘ऑफ’ असे लिहून मोकळे व्हावे, तो का बंद केला याची कैफियत मांडत बसणे हा निव्वळ कारकुनी उपद्व्याप होय. विरारजवळच्या आमच्या बोळिंजच्या केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या उठून तेथे म्हाडाचे आणि खासगी विकासकांचे उंच इमले उभे राहिले, तेव्हापासून या व्यवसायातील पुष्कळ कुटुंबे आमच्या शेजारी येऊन राहिली आहेत; सकाळच्या गाडीने अंधेरी-गोरेगावच्या कचेऱ्यांत जाणाऱ्या या मुला-मुलींच्या तोंडून हे मत मी इतक्या वेळा आणि इतक्या निःशंकपणे उच्चारलेले ऐकले आहे की, त्याचा सविस्तर प्रतिवाद करणे आता मला अगत्याचे वाटते.

त्या मताच्या बाजूने जे काही सांगितले जाते ते प्रथम जसेच्या तसे मांडतो, म्हणजे विपर्यास केल्याचा आरोप नको. म्हणतात की, चांगली आज्ञावली स्वतःच स्वतःचे स्पष्टीकरण असते आणि टिपा काळाच्या ओघात खोट्या पडतात. म्हणतात की, कोणी, केव्हा, काय बदलले याचा संपूर्ण इतिहास गिटमध्ये, म्हणजे आज्ञावलीतील बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत, असतोच, ज्याला गरज असेल त्याने तो धुंडाळावा. म्हणतात की, मुदत डोक्यावर असताना असल्या नोंदींना सवड कोणाला? म्हणतात की, आमची तुकडी पाच-सहा जणांची, सर्वांना सर्व ठाऊक असते. आणि सर्वात शेवटी, ठेवणीतला मुद्दा म्हणून सांगतात की, सक्ती केलीच तर लोक ‘आवश्यक होते’ असे काहीतरी खरडतील, त्यातून साधणार काय?

पहिला मुद्दा घेऊ. आज्ञावली स्वतःचे स्पष्टीकरण करते हे ज्या अर्थाने खरे आहे, तो अर्थ येथे लागूच पडत नाही. लिहिलेल्या ओळीवरून ती काय करते हे वाचकाला कळू शकेल. पण बंद केलेला नियम म्हणजे एक अभाव आहे, आणि अभावाला स्वतःची वाचा नसते. कॉन्फिगमधील ‘ऑफ’ हा शब्द पाहून वाचणाऱ्याने काय समजावे? तो नियम या प्रकल्पाला तत्त्वतः गैरलागू आहे म्हणून बंद झाला, की बाहेरून आणलेल्या एखाद्या लायब्ररीतील दोषामुळे तात्पुरता तहकूब झाला, की शुक्रवारी संध्याकाळी कोणाला घरी जायची घाई होती म्हणून? तिन्ही प्रसंगी फाइलमध्ये दिसणारी अक्षरे तंतोतंत तीच असतात. त्यातला पहिला निर्णय कायम ठेवायचा असतो, दुसरा लायब्ररीची नवी आवृत्ती येताच मागे घ्यायचा असतो आणि तिसरा त्याच दिवशी रद्दबातल करायला हवा होता. ज्या नोंदीवरून या तिघांत भेद करता येत नाही ती नोंद पुरेशी आहे असे म्हणणाऱ्याने आपण कशाला पुरेसे म्हणतो हे एकदा सांगावे.

राहता राहिले टिपा शिळ्या होण्याचे भय. पण एखादे कारण शिळे झाले हे कळण्यासाठीसुद्धा ते कोठेतरी लिहिलेले असावे लागते. ‘अमुक लायब्ररीची चौथी आवृत्ती हा प्रकार चुकीने चूक ठरवते म्हणून बंद’ असे लिहिलेले असेल, तर पाचवी आवृत्ती आल्यावर कोणीही नवखा ती सूट काढून टाकण्याचे धैर्य करील. काहीच लिहिलेले नसेल तर तीच सूट वर्षानुवर्षे राहते, कारण जिचे कारण अज्ञात आहे ती गोष्ट काढताना काय मोडेल याचा अंदाज कोणालाच करता येत नाही.

आमच्या वसई तालुक्यात ही गोष्ट वास्तविक कोणालाही समजावून सांगण्याचे कारण पडू नये. विरार-आगाशी रस्त्यावरच्या जमिनींचे जे व्यवहार झाले, त्यातल्या प्रत्येकात वकिलाने सातबाराचे जुने उतारे काढून तीस-तीस वर्षांचा शोध घेतला आहे. सातबाऱ्यावरचे एखादे नाव कमी होते तेव्हा ते नुसते पुसले जात नाही. त्याला कंस होतो आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक पडतो. तो क्रमांक धरून गाव नमुना सहा, म्हणजे फेरफाराची नोंदवही, उघडली की तेथे वारसाने, खरेदीखताने, वाटपाने की न्यायालयाच्या हुकुमाने तो बदल झाला हे लिहिलेले सापडते. त्याखाली संबंधितांना नोटीस दिल्याचा, हरकतीची मुदत संपल्याचा आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्याचा दाखला असतो. 2014 साली ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, कचेऱ्या बदलल्या, अधिकारी बदलले, दप्तरे संगणकावर गेली. पण फेरफाराच्या क्रमांकाचा तो धागा तोडण्याची कल्पनासुद्धा कोणाच्या मनात आली नाही. फेरफाराविना कंस झालेला उतारा समोर ठेवला, तर बोळिंजमधला कोणता खरेदीदार त्यावर बयाणा देईल? आणि ज्या सुशिक्षित तरुणाने स्वतःची सदनिका घेताना वकिलाकडून याच नोंदी दोन-दोनदा वाचवून घेतल्या, तो स्वतःच्या कामात मात्र बंद केलेल्या नियमापुढे कारण लिहिण्याला कारकुनी का म्हणतो? तलाठ्याच्या दप्तराकडून ज्याची आपण हक्काने अपेक्षा करतो, ते आपल्या स्वतःच्या दप्तरात आपल्याला जड का व्हावे?

याला उत्तर म्हणून गिटचा इतिहास पुढे केला जातो, आणि वरकरणी ते उत्तर समर्पक दिसते, कारण गिट हीच आमची फेरफार नोंदवही, असे त्यांचे म्हणणे असते. परंतु त्या वहीत प्रत्यक्षात काय लिहिलेले असते ते उघडून पाहावे. ‘लिंट दुरुस्त’, ‘बिल्ड सुरू केले’, ‘किरकोळ बदल’ : कमिटच्या, म्हणजे एकेका बदलाच्या नोंदीच्या, संदेशांत बहुतांशी हेच. त्यातही एखाद्याने कारण नीट लिहिले असले, तरी पुढे कोणीतरी साऱ्या फाइलींची मांडणी एकदम बदलतो आणि प्रत्येक ओळीवर त्याचे नाव चढते. किंवा कॉन्फिग जुन्या फाइलीतून नव्या फाइलीत हलवली जाते. किंवा वीस कमिट एकात दाबून विलीन केले जातात. किंवा सगळा प्रकल्पच नव्या रिपॉझिटरीत इतिहासाविना उतरवला जातो. सातबाऱ्यावर निदान फेरफाराचा क्रमांक छापलेला असतो; येथे तो क्रमांकही नाही, वाचणाऱ्याने स्वतःच उत्खनन करावे अशी अपेक्षा. शिवाय उत्खनन करायला आधी संशय यावा लागतो. शेजारी कारण नसलेली ओळ संशय उत्पन्न करीत नाही, ती फक्त नजरेआड होते.

कारण निर्णयाच्या शेजारी, निर्णयाच्या वेळीच लिहिलेले असले पाहिजे, हे तत्त्व माझ्या पदरचे नाही. मोहिंदर सिंग गिल विरुद्ध मुख्य निवडणूक आयुक्त या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 1977 च्या डिसेंबरात स्पष्ट केले की, एखाद्या अधिकाऱ्याने कारणे देऊन हुकूम काढला असेल, तर त्याची ग्राह्यता त्या हुकुमात नमूद केलेल्या कारणांवरूनच ठरवावी लागते; मागाहून प्रतिज्ञापत्राद्वारे नवी कारणे आणून त्याला टेकू देता येत नाही. पुढे 2005 च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानेही प्रशासकीय निर्णयांची कारणे बाधित व्यक्तींना देणे सार्वजनिक प्राधिकरणांवर बंधनकारक केले. यामागचा विचार केवळ कायद्याच्या पंडितांपुरता मर्यादित नाही. मागाहून विचारल्यावर मनुष्य जे कारण सांगतो ते पुष्कळदा त्या वेळचे कारण नसते; आज सुचलेले, आज शोभणारे कारण असते. तो खोटे बोलतो असे नव्हे, त्याला ते आठवत नसते. ‘विचारा, सांगतो’ या आश्वासनावर ज्यांनी आपल्या प्रकल्पाचे भवितव्य सोपवले आहे त्यांनी या एका गोष्टीचा विचार करावा.

आता सवडीचा मुद्दा, आणि येथे मी जवळून पाहिलेला एक प्रसंग सांगतो. बोळिंजमधील एका गृहनिर्माण संस्थेने पाण्याच्या टँकरचा हिशेब ठेवण्यासाठी एका होतकरू मुलाकडून छोटीशी प्रणाली करून घेतली होती. रोज पहारेकऱ्याने आलेल्या टँकरांचा आकडा भरायचा, महिन्याअखेर कंत्राटदाराच्या बिलाशी त्याची रुजवात घालायची, इतकेच तिचे काम. काही महिन्यांनी हिशेब जुळेनासा झाला. प्रणाली जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेली होती, आणि त्या भाषेत दोन मूल्यांची तुलना दोन बरोबर-चिन्हांनी केली, तर रिकामी चौकट आणि शून्य ही दोन्ही समान ठरतात. तीन बरोबर-चिन्हांनी केली तर ठरत नाहीत. पहारेकऱ्याने आकडा भरायचा राहून गेला, तर तो दिवस ‘नोंद बाकी’ म्हणून दिसायला हवा होता. प्रणाली त्याला ‘टँकर आलाच नाही’ असे समजून पुढे जात होती. इएसलिंट या जावास्क्रिप्टच्या लिंटरमध्ये तीन चिन्हांची सक्ती करणारा नियम आहे, त्याचे नाव ‘ईक्यूईक्यूईक्यू’. कॉन्फिगमध्ये तो नियम लिहिलेला होता आणि त्यापुढे ‘ऑफ’ होते. कारण नव्हते.

तो मुलगा तोवर नोकरीसाठी पुण्याला गेला होता. फोनवर विचारल्यावर त्याने बराच वेळ आठवून सांगितले की, एका ठिकाणी ‘नल’ आणि ‘अनडिफाइन्ड’ या ‘काहीच नाही’ असे दर्शवणाऱ्या दोन्ही मूल्यांना एकाच तुलनेत पकडायचे होते, त्यासाठी दोन चिन्हे सोयीची होती. हे कारण अगदी वाजवी आहे. इतके वाजवी की, त्या नियमाच्या कर्त्यांनी नेमक्या याच प्रसंगासाठी त्यात एक पोटकलम ठेवले आहे : ‘नल’शी होणाऱ्या तुलनेपुरती सूट द्या, बाकी सर्वत्र नियम लागू राहील. त्या मुलाला ‘नलच्या तुलनेसाठी बंद’ एवढे तीन शब्द लिहिण्याची सक्ती असती, तर लिहिता लिहिताच त्याच्या ध्यानात आले असते की, आपल्याला हवी आहे एका ओळीपुरती सूट आणि आपण देत आहोत साऱ्या प्रणालीला मोकळीक. वेळ नाही म्हणणाऱ्यांना मला हेच विचारायचे आहे. कारण ठाऊक असेल तर ते लिहायला किती वेळ लागतो? आणि लिहायला अर्धा तास लागत असेल, तर ते कारण निर्णय घेताना ठाऊक होते असे कसे म्हणावे? पुढच्या वाचकाची सोय हा या नोंदीचा दुय्यम लाभ आहे; तिचा मुख्य उपयोग लिहिणाऱ्यालाच होतो, कारण निर्णय वाक्यात उतरवताना त्याची व्याप्ती, त्याची मुदत आणि त्याचा पोकळपणा त्याच्या स्वतःच्या नजरेस येतो.

‘आम्हा सर्वांना ठाऊक असते’ या समजुतीचे मोल किती जबर पडू शकते, हे 4 जून 1996 रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथे जगाने पाहिले आहे. युरोपच्या आरियान-5 या अग्निबाणाचे ते पहिले उड्डाण. इंजिन पेटल्यापासून सुमारे 37 सेकंदांनी तो मार्गावरून भरकटला आणि वरच्या चार क्लस्टर उपग्रहांसह आकाशातच त्याचे तुकडे झाले. दिशादर्शक संगणकातील आज्ञावली 64 बिटांच्या दशांशी संख्येचे 16 बिटांच्या पूर्णांकात रूपांतर करीत होती. आडव्या वेगाशी निगडित असलेले ते मूल्य 32767 च्या मर्यादेबाहेर गेले आणि संगणक बंद पडला, त्याचा राखीव जोडीदार तर त्याच दोषाने आधीच बंद पडलेला. अशा रूपांतरात धोका असणारी सात चले होती. त्यांपैकी चारांना संरक्षण दिले होते आणि तिघांना मुद्दाम दिले नव्हते, कारण संगणकावरील भार 80 टक्क्यांच्या आत ठेवायचा होता आणि ती तीन मूल्ये मर्यादेबाहेर जाणे शक्य नाही असा हिशेब होता. हा हिशेब आरियान-4 च्या उड्डाणमार्गावर आधारलेला होता. आरियान-5 त्याहून फार झपाट्याने आडवा वेग घेतो.

ध्यानात घ्यावे की, येथे कोणी घाईगर्दीने किंवा चोरून सूट दिली नव्हती. झाक-लुई लियोंस या गणितज्ञाच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाने त्याच वर्षीच्या जुलैत दिलेल्या अहवालात नमूद केले आहे की, तो निर्णय प्रकल्पातील भागीदारांनी निरनिराळ्या पातळ्यांवर संयुक्तपणे घेतला होता. आणि पुढे हेही नमूद केले आहे की, त्या निर्णयाच्या समर्थनाचा कोणताही उल्लेख प्रत्यक्ष आज्ञावलीत आढळला नाही. कागदपत्रांच्या प्रचंड पसाऱ्यात ते गृहीतक, कोणाचा तसा हेतू नसताना, बाहेरच्या तपासनीसांच्या दृष्टीआड राहिले. सर्वांना ठाऊक होते, सर्वांना मान्य होते, कागदोपत्री सारे होते. फक्त जेथे वाचणाऱ्याची नजर पडली असती त्या ओळीशेजारी नव्हते. ‘आडवा वेग आरियान-4 च्या मार्गात या मर्यादेत राहतो म्हणून संरक्षण नाही’ एवढे एक वाक्य तेथे असते, तर आरियान-5 साठी ती आज्ञावली उचलणाऱ्याला ‘आरियान-4’ हा शब्द अडला नसता काय? नक्की अडला असता असा दावा मी करीत नाही. पण अडण्याची जी एक संधी होती ती कारण न लिहिल्यामुळे गेली. पाच-सहा जणांच्या ज्या तुकडीतले दोघे दरवर्षी नवी नोकरी धरतात, तिने आपल्या सामूहिक स्मरणशक्तीवर आरियानच्या त्या भागीदारांहून अधिक भरवसा कोणत्या आधारावर ठेवावा?

येथे कोणी म्हणेल की, तपासनीस प्रोग्रामच मुळी मूर्ख असतो, शंभरातल्या पुष्कळ तक्रारी खोट्या असतात, त्या सर्वांची दखल कशाला? तक्रार खोटी असेल तर ती खोटी आहे हेच लिहावे. स्टीफन जॉन्सन यांनी 1978 च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये सी भाषेसाठी जो पहिला लिंट लिहिला, त्यातही तक्रार गप्प करण्याची सोय होती. परंतु तिची एक रीत नुसते ‘ऑफ’ म्हणण्याची नव्हती. ‘नॉट-रीच्ड’ असे लिहायचे, म्हणजे प्रोग्राम या जागी कधी पोचतच नाही असे लेखकाने आपल्या जबाबदारीवर सांगायचे. तपासनीसाला न कळलेली एक वस्तुस्थिती त्याला सांगून मग त्याची तक्रार मागे घ्यायला लावायची, अशी ती रीत. जेथून हा सारा प्रकार सुरू झाला तेथेच सूट आणि कारण एकत्र लिहिण्याची ही रीत होती. ती आम्ही मागाहून सोडली.

आणि अर्धवट लिहिलेले कारण काय करते याचाही दाखला आहे. ओपनएसएसएल या गुप्तलेखनाच्या प्रणालीत यादृच्छिक संख्या बनवणाऱ्या भागात एकाच स्वरूपाची ओळ दोन ठिकाणी होती. त्यांपैकी एकीच्या शेजारी टीप होती, तिचा आशय इतकाच की प्युरिफाय हा तपासनीस येथे तक्रार करतो. तक्रार कोण करतो हे लिहिले, ओळ तेथे का आहे हे लिहिले नाही. दुसरीच्या शेजारी काहीच नव्हते, आणि ही दुसरी ओळ तर बाहेरून गोळा केलेली यादृच्छिकता मिसळण्याचे मुख्य साधन होती. 2006 साली डेबियन या लिनक्स प्रणालीतील तिच्या देखरेखकर्त्याने व्हॅलग्रिंड या दुसऱ्या तपासनीसाची तक्रार बंद करण्यासाठी, आधी विचारणा करूनही, दोन्ही ओळी काढल्या. परिणाम असा की, बनणाऱ्या गुप्तलेखनाच्या किल्ल्यांत प्रक्रियेच्या क्रमांकाखेरीज फारसे काही बदलते राहिले नाही, आणि तो क्रमांक 32768 च्या आतला. मे 2008 मध्ये हे उघडकीला आले, तोवर जवळजवळ दोन वर्षे जगभर अशा कमकुवत किल्ल्या तयार होत होत्या. त्या माणसाने विचारले होते, हे पुन्हा सांगतो. कारण ‘शंका आली तर विचारावे’ हा उपाय सुचवणाऱ्यांना हा उपाय तेथे योजून झाला होता हे ठाऊक असावे.

उरला शेवटचा मुद्दा, सक्ती केली तर लोक पोकळ कारणे लिहितील. लिहोत. ‘आवश्यक होते’ असे लिहून आलेली पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल स्वीकारण्याची विनंती, तपासणाऱ्याला निदान विचारता येते की, कशासाठी आवश्यक. कोरी जागा असली तर प्रश्न विचारायला शब्दच सापडत नाही. पोकळ कारण हा दोषाचा पुरावा आहे, आणि पुरावा असणे हे नसण्यापेक्षा केव्हाही बरे. कागदोपत्री फसवणूक करता येते म्हणून कागदच नको असे कोणत्या कचेरीने कधी मानले?

सोयींचा अभाव ही सबब तर आता मुळीच टिकत नाही. जेसन फाइलीत टिपा लिहिता येत नाहीत असे पूर्वी सांगत. इएसलिंटच्या नव्या धाटणीची कॉन्फिग फाइल ही खुद्द जावास्क्रिप्टचीच फाइल असते, तीत हवे तेवढे लिहा. ओळीपुरती सूट देताना दोन आडव्या रेघा ओढून पुढे कारण लिहिण्याची सोय 2020 पासून इएसलिंटमध्ये आहे, आणि कारणाविना सूट दिल्यास ती अडवणारा ‘रिक्वायर-डिस्क्रिप्शन’ हा नियमही त्याच्या एका जोडणीत मिळतो. रस्ट भाषेने 2024 मध्ये सूट देण्याच्या आज्ञेतच ‘रीझन’ असे स्वतंत्र कलम घातले, आणि सोबत ‘एक्स्पेक्ट’ ही आज्ञा दिली, जिच्यामुळे सूट अनावश्यक झाली की कंपायलर स्वतःच तसे कळवतो. भाषा आणि अवजारे करणाऱ्यांना ज्याची निकड पटली, ते वापरणाऱ्यांना कमीपणाचे का वाटावे?

म्हणून माझी मागणी सौम्य नाही. कोणत्याही प्रकल्पात बंद केलेल्या प्रत्येक नियमाच्या ओळीवर, त्याच ओळीवर, चार गोष्टी असल्या पाहिजेत : नियम कशाच्या आड आला, तो येथे गैरलागू का, त्याऐवजी ती चूक दुसरे कोण पकडते, किंवा कोणीच पकडत नाही, आणि कोणती परिस्थिती बदलली म्हणजे तो पुन्हा सुरू करायचा. मांडणीचे, रिकाम्या जागांचे, अर्धविरामांचे नियम प्रेटियर या मांडणी करणाऱ्या प्रोग्रामच्या हवाली केले असतील तर ‘मांडणी प्रेटियर पाहतो’ हे तीन शब्द पुरेत, पण ते तीन शब्दही असले पाहिजेत. ज्या जुन्या सुटींची कारणे कोणालाच सांगता येत नाहीत त्या एकेक करून मागे घ्याव्यात आणि तपासनीस काय म्हणतो ते ऐकावे. चार दिवस तक्रारींचा पाऊस पडेल, पडू द्यावा. आणि यापुढे कारणाविना आलेली सूट, मग ती प्रकल्पातील सर्वांत ज्येष्ठ माणसाच्या हातची असो, मुदत उद्याची असो, की ग्राहक फोनवर तगादा लावून बसलेला असो, न वाचता परत पाठवावी.